पेर किर्केबी: भूविज्ञान, वीट आणि रंगाचे थर

डॅनिश चित्रकार-शिल्पकार पेर किर्केबीच्या मोठ्या कॅनव्हाससमोर पहिल्यांदा उभं राहिलं की नजर कुठे टेकवावी ते कळत नाही. तपकिरी, हिरवट, गेरूसारखे रंग एकमेकांवर चढलेले, मध्येच खरवडलेले. झाड दिसतंय असं वाटावं, तोवर त्याचा कडा होतो. या गुंत्याचं मूळ त्याच्या शिक्षणात आहे.

कोपनहेगनमध्ये 1938 साली जन्मलेला किर्केबी आधी भूविज्ञानाचा विद्यार्थी होता. विद्यापीठात शिकत असतानाच तो ग्रीनलंडच्या संशोधन मोहिमांवर जाऊ लागला आणि 1964 मध्ये त्याने ही पदवी पूर्ण केली. दरम्यान, 1962 मध्ये तो कोपनहेगनच्या प्रयोगशील कलाशाळेत दाखल झाला होता. पॉल गेर्नेस आणि ट्रोल्स अँडरसन यांनी वर्षभरापूर्वीच सुरू केलेल्या या शाळेत अकादमीची शिस्त नव्हती. चित्र, छपाई, फिल्म, सादरीकरण, सगळं एकत्र चाले. किर्केबी कविता आणि निबंधही लिहीत राहिला.

गाळ साचतो, दबतो, वर उचलला जातो, झिजतो. खडकाची ही गोष्ट त्याला पाठ होती. चित्रातही तो आधीचा थर पुसून टाकत नाही, झाकतो, आणि झाकलेलं कुठेतरी उघडं पडू देतो. मॅसोनाइटच्या (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या) चौरस फळ्यांवर, पुढे काळ्या रंगवलेल्या फळ्यांवर खडूने, त्याने हेच पुन्हा पुन्हा केलं. त्याला निव्वळ निसर्गचित्रकार म्हणणं म्हणूनच मला अपुरं वाटतं. दृश्यापेक्षा ते दृश्य घडायला लागलेला काळ त्याला जास्त खुणावत होता.

विटांची शिल्पं मात्र भूविज्ञानाने पूर्ण उलगडत नाहीत. डेन्मार्कमध्ये बोर्नहोम बेट सोडलं तर बांधकामाजोगा कठीण दगड फारसा नाही. तिथे माती आहे, म्हणून बाराव्या शतकापासून चर्च आणि वाडे विटांचे. किर्केबीचं बालपण कोपनहेगनच्या ग्रुंटविग चर्चच्या परिसरात गेलं. 1940 मध्ये पूर्ण झालेली ती इमारत आतून-बाहेरून पिवळ्या विटांची आहे. त्यात भर पडली 1971 च्या मध्य अमेरिकेच्या प्रवासाची. तिथे त्याने माया संस्कृतीचे अवशेष पाहिले. दोनच वर्षांत, 1973 मध्ये, डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पातल्या ईकास्ट गावात त्याचं पहिलं मोठं वीटशिल्प उभं राहिलं. पुढच्या अशा अनेक कामांत भिंती आहेत, कमानी आहेत, दारं आहेत, पण राहायला जागा नाही. साधी वीट, गवंड्याची नेहमीची रचना, आणि उपयोग काहीच नाही! 1982 मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनातही त्याने वीटच मांडली. त्याच सुमारास तो ब्राँझकडेही वळला. ती शिल्पं बोटांनी दाबलेल्या मातीसारखी खडबडीत, जवळजवळ त्याच्या चित्रांतल्या कड्यांसारखी दिसतात.

त्याला मोठं नाव मिळालं ते जर्मनीत. 1978 पासून तो कार्ल्सरूहला आणि 1989 ते 2000 फ्रँकफुर्टला प्राध्यापक होता. नव-अभिव्यक्तिवादी, म्हणजे भावना ठसठशीत, खडबडीत रंगांतून मांडणाऱ्या चित्रकारांच्या पिढीत त्याची गणना होते, पण त्यांच्यातली आक्रमकता त्याच्यात कमी आहे. 2009 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. 2013 मध्ये जिन्यावरून पडून त्याच्या मेंदूला इजा झाली. त्यानंतर चित्रं काढणं अवघड होत गेलं आणि ते त्याने थांबवलं. मे 2018 मध्ये तो गेला.

कोपनहेगनच्या भूवैज्ञानिक संग्रहालयाने 2004 मध्ये आपल्या जिन्याची सजावट त्याच्याकडून करून घेतली होती. ज्या विषयाची पदवी घेऊन त्याने दुसरी वाट धरली, त्याच विषयाच्या वास्तूत तो चित्रकार म्हणून परतला होता.