रोलर शेल मागवताना नुसतं ‘कडक माल’ लिहू नका

रोलर शेल म्हणजे ऊस पिळणाऱ्या मिलच्या रोलरमध्ये शाफ्टवर बसवलेलं बिडाचं जाड नळकांडं. गाळप संपलं की वडोदऱ्यात, मकरपुऱ्यातल्या आमच्या फाउंड्रीत कोल्हापूर-सांगलीकडून आणि बारडोली-गणदेवी पट्ट्यातून एकच निरोप येतो: "या वेळी शेल कडक द्या, हंगामभर टिकला पाहिजे."

मागणी रास्त आहे. हार्वेस्टरच्या उसाबरोबर माती आणि पाचट जास्त येतं, त्यात आंबट रस लोखंड खातो. पण नुसता कडकपणा वाढवलेला शेल गुळगुळीत होतो, ऊस धरत नाही, मिल घसरते. मग भर हंगामात आमच्याकडे तक्रार येते.

शेलचं बीड मुद्दाम जाड दाण्याचं ठेवतात. पृष्ठभागावरच्या ग्राफाइटच्या पाकळ्या निघून जातात, तिथे बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांमुळे बगॅस (उसाचं चिपाड) पकडला जातो. म्हणून आम्ही 180 ते 210 बीएचएनच्या (ब्रिनेल कडकपणाचा आकडा) पुढे सहसा जात नाही. क्रोमियम वाढवून आकडा चढवता येतो, पण त्याने कार्बाइडचे कठीण, ठिसूळ कण होतात. मग शेलवर खाचा कापताना टूल जातं आणि आर्किंग करताना, म्हणजे खाचांमधल्या दातांवर वेल्डिंगचे कडक थेंब चढवताना, दाताला तडा जाण्याची भीती असते. झीज रोखायचं काम आर्किंगच्या थेंबांचं आहे, ते शेलच्या अंगावर टाकू नका.

मिश्रधातूचा खरा उपयोग ताकदीसाठी. थोडं निकेल आणि मॉलिब्डेनम घातलं की जाड भिंतीतही आतपर्यंत ताकद राहते आणि दाणा फार बिघडत नाही. खर्च वाढतो, पण दात तुटणाऱ्या मिलला तो परवडतो. एसजी आयर्न (गोळीदार ग्राफाइटचं बीड) आणखी मजबूत, मात्र त्यातलं ग्राफाइट पाकळीसारखं नसून गोळीसारखं, म्हणून पकड कमी. आर्किंग नीट होणार असेल तरच घ्या.

तेव्हा ऑर्डरमध्ये कडकपणाच्या आधी हे लिहा: कितवी मिल, टॉप, फीड की डिस्चार्ज रोलर, आणि जुना शेल कशाने गेला. झिजला, दात मोडले, तडा गेला की शाफ्टवर सैल झाला? सोबत फोटो पाठवा. एवढ्या माहितीसाठी आमचे आणि तुमचे फोनाफोनीत आठवडे जातात.

ओतल्यावर शेल आम्ही वाळूतच सावकाश थंड होऊ देतो, साचा घाईने फोडत नाही. बीएचएन वेगळ्या तुकड्यावर नाही, शेलच्या अंगावरच मोजतो. पाहायचं असेल तर मोजणीच्या दिवशी तुमचा माणूस पाठवा. मे अखेरपर्यंत शाफ्टचं माप आलं, तर बोअर (शाफ्टसाठीचं आतलं भोक) त्याच मापाने करून देतो.