पार्श्वभूमी : ‘सीडी ५ टक्के’ आले कुठून?

परभणी, बदनापूर किंवा लातूरकडच्या वाण-चाचणीचा तक्ता उघडला की तळाशी बहुधा ‘सीडी ५ टक्के’ ही ओळ असते. दोन वाणांच्या उताऱ्यातला फरक या क्रिटिकल डिफरन्सहून जास्त भरला तर ‘सार्थक’, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसावा असा धरायचा, नाहीतर नाही. ‘५ टक्के’ म्हणजे खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता.

या पद्धतीची मुळे जुनी आहेत. १७१० साली लंडनमधल्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहून, दरवर्षी मुलगेच जास्त जन्मावेत हा निव्वळ योगायोग नव्हे, असा निष्कर्ष निघाला होता. १९०८मध्ये डब्लिनच्या एका मद्य कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाने मोजक्या नमुन्यांवरून अंदाज कसा बांधायचा ते सोडवले. तीच रीत पुढे सरासरींतला फरक तपासणारी टी-चाचणी झाली.

खरा गुंता पाच टक्क्यांचा. हा आकडा कुठल्या सूत्रातून निघालेला नाही. संशोधकांत आधीपासून एक सवय होती : फरक ‘संभाव्य त्रुटी’च्या (चुकीचे एक जुने माप) तिपटीहून मोठा असला तरच दखल घ्यायची. ही तिप्पट प्रमाण विचलनाच्या (आकड्यांच्या पसरटपणाचे माप) साधारण दुप्पट भरते, आणि केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार-पाच. इंग्लंडमधल्या एका शेतकी केंद्रात खतांच्या जुन्या नोंदींवर काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाने १९२५च्या पुस्तकात ती ‘विसांत एक’ अशी गोल केली. कोष्टकेही निवडक शक्यतांचीच छापली. हाताने आकडेमोड करण्याच्या त्या काळात कोष्टकात जो रकाना, तोच वापरात. पुढच्याच वर्षी त्याने लिहिले, विसांत एक पुरेसे वाटत नसेल तर पन्नासांत किंवा शंभरांत एक धरा. १९५६मध्ये तर बजावले की कोणताही संशोधक वर्षानुवर्षे सगळ्या परिस्थितीत एकच पातळी लावत नाही. तोवर उशीर झाला होता. सोयीसाठी सुचवलेली रेघ कायदा होऊन बसली होती.

त्यात १९३३मध्ये दुसरा प्रवाह मिसळला. दोघा संख्याशास्त्रज्ञांनी चाचणीला निर्णयाचे रूप दिले : पातळी प्रयोगाआधी ठरवा आणि दोन चुका वेगळ्या धरा, नसलेला फरक आहे म्हणणे आणि असलेला फरक नाही म्हणणे. ‘विसांत एक’ सुचवणाऱ्याला पी-मूल्यात (खरा फरक नसताना निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) पुराव्याचा जोर दिसत होता, या दोघांना आधी आखलेली सीमा हवी होती. वाद दशकानुदशके चालला. पाठ्यपुस्तकांनी दोन्हींची खिचडी केली आणि त्या खिचडीत दुसरी चूक हरवली.

मराठवाड्याला हीच चूक, असलेला फरक नाही म्हणण्याची, महाग पडते. कोरडवाहू रान, एकाच शेतात माळाकडे हलकी आणि ओढ्याकडे भारी जमीन, वर पावसाचा खंड. तीन-चार रेप्लिकेशनमध्ये (तेच वाण पुन्हा लावलेले गट) प्लॉटाप्लॉटातली तफावत एवढी असते की सीडी फुगते. समजा, नव्या सोयाबीन वाणाचा उतारा हेक्टरी २.५ क्विंटलने जास्त आला आणि सीडी निघाली ३.१. अहवालात येते ‘फरक सार्थक नाही’, आणि बांधावर पोहोचेपर्यंत त्याचे ‘फरकच नाही’ होते. ही दोन वाक्ये एक नव्हेत.

त्या दोघांपैकी एकाने १९३७मध्ये सविस्तर मांडलेले ९५ टक्क्यांचे विश्वास अंतराल (खऱ्या फरकाच्या अंदाजाची दोन टोके) इथे जास्त सांगते : उणे ०.६ ते अधिक ५.६ क्विंटल. थोडा तोटाही शक्य, मोठा फायदाही. यातले ९५ टक्के या एकाच अंतरालाची खात्री देत नाहीत, ते पद्धतीबद्दल बोलतात : असेच प्रयोग पुन्हापुन्हा केले तर शंभरातल्या सुमारे ९५ अंतरालांत खरा फरक सापडेल.

गेल्या दशकात वाद पुन्हा पेटला. २०१५मध्ये मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने पी-मूल्ये छापणेच बंद केले. २०१६मध्ये अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने सहा तत्त्वे मांडली. परिणाम किती मोठा हे पी-मूल्यातून कळत नाही, हे त्यातले एक. त्यानंतर ७२ संशोधकांनी नव्या शोधांसाठी ०.०५ऐवजी (पाच टक्के) ०.००५ची (अर्धा टक्का) रेघ सुचवली, तर २०१९मध्ये ८००हून अधिक शास्त्रज्ञांनी ‘सार्थक’ हा शिक्काच सोडून द्या म्हणून सह्या केल्या. आपल्या कोरडवाहू प्रयोगांना ०.००५ लावले तर सीडी आणखी फुगेल आणि कामाचे वाणही मागे पडतील. त्यापेक्षा सीडीशेजारी अंतरालाचा रकाना छापणे सोपे. त्यासाठी नवा प्रयोग लागत नाही : फरकातून सीडी वजा करायची, मग मिळवायची, दोन्ही टोके हाती येतात.