दप्तराच्या ओझ्याने कणा वाकडा होत नाही

जड दप्तर उचलल्याने किंवा पोक काढून बसल्याने मुलांना स्कोलिओसिस, म्हणजे कणा वाकडा होण्याचा विकार, होतो, हा समज वर्षानुवर्षे पसरत आला आहे आणि तो चुकीचा आहे. ओझ्याने पाठ दुखू शकते. परंतु स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वळतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे मूल पुढे वाकले असता एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसतात. एक्स-रेवर मोजलेला कॉब कोन, म्हणजे कण्याच्या वक्रतेचे माप, किमान १० अंश असल्यासच हे निदान केले जाते.

सुमारे ८० टक्के रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही, आणि हा प्रकार बहुधा १० वर्षांनंतर, उंची झपाट्याने वाढताना लक्षात येतो. काही मुलांत मणके जन्मतःच सदोष घडलेले असतात, तर काहींत सेरेब्रल पाल्सीसारखे मज्जातंतूंचे वा स्नायूंचे आजार कारणीभूत असतात.

या गैरसमजाचे खरे नुकसान म्हणजे पालक मुलाला "ताठ बस" एवढेच सांगत राहतात आणि वाढीचा मोलाचा काळ निघून जातो. कोन साधारण २५ अंशांपर्यंत असल्यास ठरावीक अंतराने तपासणी पुरते. २५ ते ४० अंशांच्या दरम्यान, वाढ शिल्लक असताना, ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक आधार) दिला जातो. तो रोज दीर्घकाळ वापरल्यास वक्रता वाढण्याचा धोका स्पष्टपणे घटतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. साधारण ४५ ते ५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो.