लाकडी तलवार घेताना वजन नको, रेषा बघा

गेल्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला. "मामा, सरावाची लाकडी तलवार घ्यायची आहे. शिसवाची एक मिळतेय, चांगली जड आहे. घेऊ ना? जड म्हणजे मजबूत." तो पुण्यात जपानी पद्धतीची जुनी तलवारबाजी शिकतो. आतापर्यंत एकट्यानं हवेत वार करत होता, आता जोडीचा सराव सुरू होणार आहे. म्हणजे लाकडावर लाकूड आपटणार, आणि पलीकडे एका माणसाचा चेहरा असणार.

"जड म्हणजे मजबूत" हा समज इतका पसरलेला आहे की त्याला फोनवर एका ओळीत उत्तर देणं मला जमलं नाही. म्हणून हा लेख.

आधी एक दुसरा गैरसमज बाजूला करू. लाकडी तलवार म्हणजे निरुपद्रवी तलवार, असं नाही. जपानी बोक्केन, म्हणजे सरावाची लाकडी तलवार, साधारण एक मीटर लांब, पाच-सहाशे ग्रॅम वजनाची आणि दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची असते. १६१२ साली मियामोतो मुसाशी या जपानी तलवारबाजानं सासाकी कोजिरो या प्रतिस्पर्ध्याला लाकडी तलवारीनंच ठार केलं, असं परंपरा सांगते. सरावाच्या पोलादी तलवारीचं पातं पातळ असतं, भोसकलं तर ते वाकतं आणि धक्का थोडा गिळतं. जाड लाकूड वाकत नाही, सगळा धक्का समोरच्याला देतं. म्हणूनच जपानमध्ये फोडलेला बांबू चामड्याच्या पिशवीत घालून सरावाचं हत्यार बनवलं गेलं, आणि आपल्याकडे फरी-गदक्यातल्या गदक्यावरही चामडं चढतं. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन ठिकाणी माणसं त्याच उपायाला पोचली, याचा मला फार आनंद वाटतो.

आता मुद्द्याचं. लाकूड तुटतं कसं?

झाडाचं खोड म्हणजे उभ्या, पोकळ, अतिसूक्ष्म नळ्यांची मोळी. ओक किंवा शिसवासारख्या रुंदपर्णी झाडात यातली एक तंतुपेशी साधारण एक मिलिमीटर लांब असते. पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या धाग्यांनी विणलेल्या, आणि पेशी एकमेकींना लिग्निन नावाच्या द्रव्यानं चिकटलेल्या. धागा ओढायला अतिशय चिवट, चिकटवण मात्र त्या मानानं कच्ची. सरपण फोडणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे: ओंडका उभा ठेवून कुऱ्हाड घातली की एका घावात दोन फाका होतात, पण तोच ओंडका आडवा तोडायला घाम निघतो. तंतूंना कापत जाणारी भेग पुढे सरकवायला जितकी ऊर्जा लागते, तितकी तंतूंच्या मधून जाणाऱ्या भेगेला लागत नाही. दोन्हींतला फरक शंभरपटीच्या घरात असतो.

शंभरपट कशामुळे? इथं जरा सावकाश वाचा, कारण लाकडातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. पेशीच्या भिंतीतल्या सर्वांत जाड थरात सेल्युलोजचे धागे सरळ उभे नसतात. ते पेशीच्या अक्षाशी थोडा कोन करून मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात. पेशी ओढली की हे मळसूत्र ताणलं जातं, नळी आतल्या बाजूला चेपते, भिंत उलगडत जाते, आणि या सगळ्यात भरपूर ऊर्जा खर्च होते. दोरीचा पीळ उलगडेपर्यंत दोरी तुटत नाही, तसंच. आणि दुसरी करामत त्याहून सुंदर आहे. समजा, वाकलेल्या तलवारीच्या ताणलेल्या बाजूला एक बारीक भेग पडली आणि ती आडवी आत निघाली. भेगेच्या टोकापाशी ताण एकवटलेला असतो, पण तो एकाच दिशेचा नसतो. टोकाच्या किंचित पुढे दोन शेजारच्या तंतूंना एकमेकांपासून दूर खेचणारा ताणही असतो. तंतूंमधली चिकटवण कच्ची असल्यामुळे भेग तिथं पोचायच्या आतच ती सुटते आणि एक छोटी उभी फट पडते. मूळ भेग त्या फटीत येऊन बोथट होते, थांबते. चिकटवण तंतूंइतकीच पक्की असती तर लाकूड काचेसारखं तडकलं असतं. लाकडाला वाचवते ती त्यातली कच्ची जागा.

पण ही कच्ची जागा वाचवते केव्हा? तंतू तलवारीच्या लांबीला समांतर असतील तेव्हाच. सुतारानं फळी तिरकी कापली आणि तंतूंच्या रेषा मुठीकडून टोकाकडे जाता जाता धारेतून बाहेर पडत असतील, तर भेगेला तंतू तोडायची गरजच उरत नाही. ती दोन तंतूंच्या मधून घसरत जाते आणि लांबलचक टोकदार ढलपी सुटते.

अमेरिकेच्या वनखात्याच्या प्रयोगशाळेनं याचे आकडे काढून ठेवले आहेत. रेषेचा उतार २० ला १ असेल, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीत रेषा १ सेंटिमीटर बाजूला सरकत असेल, तर वाकण्याची ताकद सरळ रेषेच्या लाकडाच्या ९३ टक्के उरते, आघात सोसण्याची क्षमता ९० टक्के. उतार १० ला १ झाला की हेच आकडे ८१ आणि ६२ होतात. ५ ला १ असेल तर ५५ आणि ३६. उभा दाब सोसण्याची ताकद मात्र १० ला १ उतारालाही ९९ टक्के राहते. म्हणजे खुर्चीच्या पायाला हा उतार जाणवणारसुद्धा नाही, तलवारीला मात्र तो घातक.

याची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती बेसबॉलच्या मैदानावर. २००८ च्या हंगामात अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धेत मेपलच्या बॅटींचे तुकडे होऊन ते खेळाडूंच्या आणि प्रेक्षकांच्या दिशेनं उडू लागले. तपासात मुख्य कारण निघालं ते रेषेचा उतार. मेपलमध्ये रेषा डोळ्यांना नीट दिसतच नाही, म्हणून पुढच्या वर्षीपासून नियम आला: बॅटच्या दांड्यावर शाईचा एक थेंब टाकायचा. लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नलिकांतून शाई पसरते आणि तंतूंची खरी दिशा दाखवते. उतार ३ अंशांच्या आत हवा. ३ अंश म्हणजे जवळजवळ १९ ला १. प्रयोगशाळेच्या त्या आकड्यांशी ताडून पाहा, ही मर्यादा कुठून आली ते कळेल.

ही शाईची परीक्षा घरी करता येते. पॉलिश नसलेल्या जागी, किंवा मुठीजवळ बोटभर जागा बारीक पॉलिश पेपरनं घासून, फाउंटन पेनच्या शाईचा थेंब टाका. आधी सपाट बाजूवर, मग धारेच्या किंवा पाठीच्या बाजूवर. दोन्हीकडे बघायचंच, कारण एका बाजूनं सरळ दिसणारं लाकूड दुसरीकडून तिरकं असू शकतं. वर्षवलयांच्या मोठ्या, कमानीसारख्या नक्षीवर जाऊ नका. दुकानात तीच "सुंदर रेषा" म्हणून दाखवतात, पण तंतूंची दिशा सांगतात त्या नलिकांच्या बारीक, तुटक, केसासारख्या रेघा.

गाठ मात्र अजिबात नको, लहानशीसुद्धा. गाठीला वळसा घालताना आजूबाजूचे तंतू एकदम तिरके होतात. मुठीपुढचा वीतभर भाग आणि जिथं घाव बसतो तो टोकाकडचा भाग, या दोन जागा सर्वांत बारकाईनं तपासा. बोक्केन वाकडी असते, त्यामुळे सरळ फळीतून कापताना कुठंतरी रेषा बाहेर पडणारच. ती या दोन जागी पडू नये, एवढंच पाहायचं.

वजनाबद्दल. घनता वाढली की सरासरीनं ताकद वाढते, हे खरंच आहे. पण शिसवात तंतू बहुधा एकमेकांत अडकलेले असतात: एका थरात डावीकडे झुकलेले, पुढच्या थरात उजवीकडे. ते दिसायला देखणं, फर्निचरला उत्तम. पण सरळ रेषेची बारीक, लांब काठी त्यातून मिळणं कठीण. साग ऋतू बदलला तरी फारसा वाकत नाही, पण आघाताला तो तितका चिवट नाही. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण, तिवस, बाभूळ घेत आले, ते उगाच नाही. धामणीची तर कावडही होते. रोमन सैन्यात नवशिक्यांना दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारी देत, असं वेगेतियस हा रोमन लेखक लिहितो, पण त्यांनी मारायचं होतं जमिनीत रोवलेल्या खांबावर.

नावांनीही फसू नका. जपानी तलवारींचा "पांढरा ओक" म्हणजे तिथला सदाहरित ओक. अमेरिकी पांढरा ओक हे वेगळं झाड आहे, आणि दोन्ही एकाच नावानं विकले जातात. जपानच्या क्यूशू बेटावरचं मियाकोनोजो हे शहर लाकडी तलवारींसाठी प्रसिद्ध आहे, तिथली मिळाली तर उत्तम. पण तिच्याही रेषा बघाच.

आणि ते तेल. "तेल पाजलेली लाठी तुटत नाही" हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं वाक्य आहे. तेलानं तंतूंची ताकद वाढत नाही आणि तिरकी रेषा सरळ होत नाही. जवसाचं तेल हवेतल्या ओलाव्याची ये-जा सावकाश करतं, एवढंच. तेही कमी नाही: कोकणातल्या पावसाळ्यात लाकडातला ओलावा १८-२० टक्क्यांवर जातो, विदर्भातल्या मे महिन्यात त्याच्या निम्म्याहून खाली येतो, आणि या चढ-उतारात लाकूड वाकतं, चिरतं. म्हणून तेल जरूर लावा, टोकाच्या कापलेल्या बाजूला जास्त लावा. पण चीर गेलेली तलवार तेलात मुरवून पुन्हा जोडीच्या सरावाला नेणं म्हणजे समोरच्याचा डोळा पणाला लावणं. तेलाचा फडकाही चुरगळून ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. तो उलगडून मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

भाच्यानं तोवर ती शिसवाची तलवार घेऊनही टाकली होती. परवा त्यानं शाईच्या डागाचा फोटो पाठवला. सपाट बाजूवर रेघ जवळजवळ सरळ. पाठीवर मात्र ती आठ सेंटिमीटरात एक सेंटिमीटर सरकलेली, आणि ती जागा मुठीच्या पुढे चार बोटांवर. त्याला लिहिलं, ही एकट्यानं हवेत फिरवायला ठेव. जोडीच्या सरावासाठी रविवारी आपण वखारीत जाऊ, धामण मिळतेय का बघू. शाईची बाटली तू घेऊन ये.