ब्राउझरची शर्यत आता वेगाची राहिलेली नाही

मार्च २०२४ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चार प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ब्राउझरचा वेग मोजणारी एक चाचणी जाहीर केली. तिचं नाव स्पीडोमीटर ३. ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांनीच प्रश्नपत्रिका काढायची, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण आधीच्या परीक्षांचं काय झालं ते पाहिलं की यातलं शहाणपण दिसू लागतं.

वेबपानावर जे हलतं, उघडतं, बदलतं ते बहुतेक जावास्क्रिप्टमुळे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपसाठी ही भाषा दहा दिवसांत उभी केली आणि पुढे कित्येक वर्षं ब्राउझर ती रमतगमत वाचत राहिले. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला तेव्हा त्याच्या पोटात व्ही८ नावाचं नवं इंजिन होतं. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात लार्स बाक यांच्या गटाने ते घडवलं होतं. जावास्क्रिप्टची एकेक ओळ वाचून तिचा अर्थ लावत बसण्याऐवजी ते तिचं थेट प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांमध्ये रूपांतर करत असे. मोझिला आणि ॲपलही त्याच सुमारास त्याच वाटेला लागले होते. मग चुरस लागली, आणि चुरस आली की गुण मोजणं आलं. ॲपलच्या लोकांची सनस्पायडर, मोझिलाची क्रॅकन, गूगलची ऑक्टेन. प्रत्येकाची आपापली चाचणी, आणि तीत त्याचाच ब्राउझर सहसा पुढे!

मग व्हायचं तेच झालं. अपेक्षित प्रश्नसंच घोकून परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखे ब्राउझर चाचणीपुरते हुशार होऊ लागले. २०१० मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ९ सनस्पायडरच्या एका गणिती भागात थक्क करणाऱ्या वेगाने धावत असल्याचं दिसलं. मोझिलाच्या एका अभियंत्याने त्या भागात एक निरर्थक ओळ घातली, जिने उत्तरात काडीचाही फरक पडत नव्हता. वेग कित्येक पटींनी कोसळला. ज्या आकडेमोडीचा पुढे उपयोगच होत नाही ती ओळखून गाळण्याची ही रास्त युक्ती आहे, असा मायक्रोसॉफ्टचा खुलासा होता. असेलही. पण खऱ्या वेबपानावर त्या युक्तीचा किती उपयोग होतो, हे ती चाचणी सांगतच नव्हती. २०१७ मध्ये गूगलने ऑक्टेन स्वतःहून बंद केली, कारण तिच्यात गुण वाढवण्यासाठी केलेल्या सुधारणा खऱ्या साइटना कधी निरुपयोगी तर कधी चक्क मारक ठरत होत्या. स्पीडोमीटर ३ त्यामानाने साधी आहे. कामांच्या यादीत नोंदी घालणं, आलेख काढणं, मजकूर संपादित करणं अशी माणसं खरोखर करतात ती कामं ती ब्राउझरकडून करवून घेते.

एकाच संगणकावर आजचे क्रोम, एज, सफारी, फायरफॉक्स पळवून पाहिले तर आकड्यांत फरक दिसतो. डोळ्यांना तो बहुधा जाणवत नाही. शिवाय स्पर्धक वाटतात तेवढे आहेतच कुठे? ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायावर, बेतलेला नवा एज आणला; ब्रेव्ह आणि विवाल्डीही तिथलेच. आयफोनवर तर मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघात सूट मिळेपर्यंत प्रत्येक ब्राउझरला ॲपलचं वेबकिट हेच इंजिन वापरावं लागे. भारतातल्या आयफोनवर क्रोम आणि फायरफॉक्सच्या वेगाची तुलना म्हणजे वेबकिटची वेबकिटशी तुलना.

पान रेंगाळतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. बातम्यांच्या साइटवर बातमी थोडी आणि तिच्याभोवती पाळत ठेवणाऱ्या जाहिरात कंपन्यांचे प्रोग्राम भरमसाट. मोझिलाच्या संशोधनात २०१५ मध्ये दोनशे लोकप्रिय बातमी साइटवर हे प्रोग्राम अडवून पाहिले, तेव्हा पान उघडायचा वेळ मध्यक पातळीवर ४४ टक्क्यांनी आणि खर्च होणारा डेटा ३९ टक्क्यांनी घटला. इंजिनाच्या कारागिरीतून एवढी मजल एका झटक्यात मारणं फार अवघड.

आता स्थैर्य. क्रोमवरचा नेहमीचा आरोप असा, की तो रॅम खातो. आरोप खरा आहे, पण ती रॅम कशावर खर्च होते ते पाहिलं पाहिजे. पूर्वी सगळे टॅब एकाच प्रक्रियेत, म्हणजे संगणकाच्या लेखी एकाच चालू प्रोग्रामात, चालत, त्यामुळे एका साइटने मान टाकली की सगळा ब्राउझर बंद पडे आणि अर्धवट भरलेला फॉर्म गायब होई. क्रोमने टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटले. इंटरनेट एक्स्प्लोरर ८ च्याही मनात तेच होतं, पण श्रेय क्रोमला मिळालं. फायरफॉक्स मात्र २०१६ पर्यंत जुन्याच घडणीवर होता. त्याची खरी कात २०१७ च्या नोव्हेंबरात, क्वांटम आवृत्तीत पडली. प्रक्रिया वेगळी म्हणजे मेमरी वेगळी, आणि प्रत्येकीचा स्वतःचा बोजा; रॅम जाते ती इथे.

जानेवारी २०१८ मध्ये या विभागणीला भलताच अर्थ आला. प्रोसेसरमधल्या स्पेक्टर या दोषाची बातमी फुटली. पुढची आज्ञा कोणती येईल याचा अंदाज बांधून प्रोसेसर काम आधीच करून ठेवतो; अंदाज चुकला तर ते काम रद्द होतं, पण त्याच्या खुणा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, राहतात. कोणता डेटा किती लवकर वाचता येतो हे बारकाईने मोजलं की त्या खुणांवरून मेमरीत काय आहे ते ताडता येतं. म्हणजे एखाद्या फालतू पानावरचं जावास्क्रिप्ट, त्याच प्रक्रियेत उघडलेल्या बँकेच्या पानातलं गुपित वाचू शकतं. ब्राउझरनी पहिल्यांदा पानांना मिळणारं घड्याळच मुद्दाम ढोबळ केलं. नंतर क्रोमने प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रक्रिया दिली आणि त्यासाठी सुमारे १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागेल हे कबूल केलं. फायरफॉक्स तिथे २०२१ च्या अखेरीस पोहोचला.

फोनवर मात्र एवढी चैन परवडत नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये हे संरक्षण २०१९ मध्ये आलं ते फक्त पासवर्ड टाकून लॉगिन करायच्या साइटपुरतं, आणि किमान २ जीबी रॅम असलेल्या फोनपुरतं. स्वस्त फोन घेणाऱ्याच्या वाट्याला सुरक्षाही स्वस्तातलीच आली.

वेगासाठी खासगीपणा गहाण टाकण्याचा इतिहास आपल्याकडे चांगलाच घडला आहे. टूजीच्या दिवसांत कीपॅडच्या फोनवर ऑपेरा मिनी जीव की प्राण होता. तो पान आधी ऑपेराच्या सर्व्हरवर मागवून, दाबून लहान करून मग फोनवर धाडत असे. त्यासाठी सुरक्षित जोडणीतलं पानही वाटेत त्या सर्व्हरवर उलगडावं लागे. यूसी ब्राउझरही सर्व्हरच्या मदतीने वेग देई. त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीतून फोनची ओळख, ठिकाण आणि शोधलेले शब्द पुरेशा संरक्षणाविना बाहेर जात असल्याचं टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवलं. जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तो होता.

आज पाळत ठेवायला सर्व्हरही मधे लागत नाही. कुकीज, म्हणजे साइटनी ओळख पटवायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या, पुसता येतात, पण पडद्याचा आकार, टाइम झोन, ग्राफिक्स कार्डाची चित्र काढण्याची ढब, बसवलेले फॉन्ट हे सगळं एकत्र केलं की ब्राउझरचा ठसा तयार होतो. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ठसे एकमेव निघाले. ती तपासणी करून घेणारे मुळातच चौकस लोक होते. वीस लाखांहून अधिक ठशांच्या २०१८ च्या फ्रेंच अभ्यासात प्रमाण ३३.६ टक्क्यांवर आलं. तरीही तिघांतला एक. डीटीपीच्या कामासाठी संगणकात श्रीलिपीचे ढीगभर फॉन्ट भरून ठेवणारा माणूस या बाबतीत गर्दीत उठून दिसणारच. सफारी २०१८ पासून साइटना फक्त सिस्टिमसोबत आलेलेच फॉन्ट दाखवते. ब्रेव्ह काही उत्तरांत मुद्दाम किंचित भेसळ करतो. टॉर ब्राउझर सगळ्यांना एकसारखं दाखवायचा प्रयत्न करतो, अगदी खिडकीचा आकारही ठरावीक मापात बसवून. शिवाय सगळी वाहतूक तीन टप्प्यांतून फिरवतो, म्हणून तो हळू आहे आणि राहणार. इनकॉग्निटोचा, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीचा, या ठशांशी फारसा संबंध नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला हिस्टरी दिसू नये एवढंच त्याचं मुख्य काम.

तंत्र सगळ्यांकडे आहे. फरक पडतो तो पैसा कुठून येतो याने, असं माझं मत. परक्या साइटच्या कुकीज सफारी मार्च २०२० पासून सरसकट अडवते. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या कोंडल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या बंद करू असं सांगितलं, मुदत वाढवत नेली, जुलै २०२४ मध्ये माघार घेऊन निवड वापरणाऱ्यावर सोडू असं म्हटलं आणि एप्रिल २०२५ मध्ये तर त्याला वेगळा प्रश्न विचारून पर्याय देण्याचाही बेत सोडला. जाहिरात व्यवसाय आणि ब्रिटनची स्पर्धा नियामक संस्था यांचा दबाव होता हे खरं, पण गूगलचं बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येतं हेही तेवढंच खरं. बाकीचेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. सफारीत गूगल सर्च ठेवण्याबद्दल ॲपलला २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर मिळाल्याचं अमेरिकी खटल्यात उघड झालं, आणि मोझिलाचाही बहुतांश खर्च गूगलच्याच पैशावर चालतो.

माझ्या मते साध्या अँड्रॉइड फोनवर पहिलं काम म्हणजे असेल तो ब्राउझर अपडेट करणं. क्रोमियममधल्या गंभीर सुरक्षा दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या चुकांमधून येतात, असं गूगलनेच २०२० मध्ये सांगितलं होतं, आणि अशा भोकांना ठिगळं अपडेटमधूनच लागतात. दुसरं काम फायरफॉक्स बसवून त्यात जाहिराती आणि पाळत ठेवणारे प्रोग्राम अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकणं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, आणि संगणकावरच्या क्रोमनेही एक्स्टेन्शनसाठीच्या आपल्या नव्या नियमांखाली जुनं यूब्लॉक बंद केलं आहे.