क्रूझला निघण्याआधी एवढं वाचा
(सांगली-मिरजेच्या आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

क्रूझचं बुकिंग करायला विश्रामबागच्या आमच्या ऑफिसात कुणी आलं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. शाकाहारी जेवण मिळेल का? बाल्कनीची केबिन घ्यावी की आतली चालेल? जहाज हलतं का? त्यांची उत्तरं पुढं दिलीच आहेत. पण ज्या गोष्टीसाठी आम्ही हे पत्रक छापलं, ती सहसा कुणी विचारत नाही. बंदरात उतरल्यावर पाहायचं काय, आणि किती?

आपल्याला बसच्या सहलींची सवय. पहाटे उठायचं, दिवसाला चार ठिकाणं करायची, फोटो काढायचे आणि पुढं निघायचं. जहाजाचं गणित वेगळं असतं. ते बंदरात साधारण आठ-दहा तास थांबतं. उतरण्याची रांग, गावापर्यंतचा रस्ता आणि वेळेआधी परत पोचण्याची धाकधूक वजा केली तर हातात पाच-सहा तास उरतात. तेवढ्यात एकच गोष्ट मनासारखी पाहून होते. म्हणून आमचं कळकळीचं सांगणं आहे : एका बंदरात एकच गोष्ट ठरवा. आणि बंदर जवळ येऊ लागलं की अंथरुणात पडून राहू नका, वर डेकवर या.

रोमचंच घ्या. जहाज रोमला लागत नाही, सिविटावेकियाला लागतं. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे जवळपास सांगली ते कराड. आमच्या पहिल्या युरोप ग्रुपला आम्ही एकाच दिवसात कलोसियमही दाखवायचं ठरवलं आणि व्हॅटिकनही. झालं काय, तर कलोसियम बाहेरून पाहिलं, व्हॅटिकनच्या रांगेत दोन तास गेले आणि परतताना सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. चूक आमची होती. त्या मंडळींचा तो दिवस परत येणार नाही, याची रुखरुख आजही आहे. आता आम्ही बुकिंगच्या वेळीच विचारतो : दोन्हींपैकी काय?

त्या मानानं नेपल्स सोपं. बंदर शहरालाच लागून आहे आणि पॉम्पेई लोकल गाडीनं पाऊण तासाच्या आत येतं. सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि हे गाव राखेखाली गाडलं गेलं. तिथं मोठ्या देवळांपाशी गर्दी करण्यापेक्षा गल्ल्यांतून चाला. दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिसतात. रस्ता ओलांडताना पाय भिजू नयेत म्हणून मधे ठेवलेले उंच दगड दिसतात. आमच्या ग्रुपमधल्या मिरजेच्या एक काकू एका बेकरीपाशी थबकल्या. काळ्या दगडाची उभी जाती आणि मागं भट्टी. त्यांनी जात्याच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इथला पाट बघा, हाताच्या उंचीला बरोबर आहे." गाइड पुढं निघून गेला होता, पण आम्ही तिथंच दहा मिनिटं थांबलो. पायात जुने, मुरलेले बूट हवेत. नव्या चपलेनं पॉम्पेई होत नाही.

ग्रीसच्या सँतोरिनी बेटावर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रात नांगर टाकतात आणि छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. तिथून वरच्या फिरा गावात जायला केबल कार आहे किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. पायऱ्यांवर गाढवं आणि खेचरं उभी असतात. त्यांवर बसू नका अशी आमची विनंती आहे. उन्हात त्या मुक्या जनावरांचे हाल होतात, आणि पायऱ्याही निसरड्या झालेल्या असतात. केबल कारची रांग मात्र दुपारी फार वाढते, म्हणून पहिल्या बोटींत जागा धरा. आणि सकाळी जहाज आत शिरत असताना झोपून राहिलात, तर सँतोरिनीचं अर्धं सौंदर्य हुकलं म्हणून समजा. साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीनं बेटाचा मधला भाग खचवला आणि त्यात समुद्र शिरला. आपलं जहाज त्या ज्वालामुखीच्या पोटातूनच चाललेलं असतं. दोन्हीकडं लाल-काळे कडे, आणि त्यांच्या माथ्यावर चुन्याची रेघ ओढावी तशी पांढरी घरं.

व्हेनिसबद्दल एक खुलासा. सान मार्को चौकासमोरून जाणाऱ्या प्रचंड जहाजाचे फोटो अजून फिरतात. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना तो मार्ग बंद आहे. तसा फोटो दाखवून कुणी बुकिंग घेत असेल, तर जरा चौकशी करा.

पहिल्यांदाच जहाजावर जाणाऱ्यांनी एकदम युरोप-अमेरिका गाठू नये, असं आमचं मत आहे. आधी मुंबईहून गोव्याला जाणारी दोन-तीन रात्रींची सफर करून पाहा. व्हिसाची कटकट नाही. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालात की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअर हा क्रूझचा धक्का हाकेच्या अंतरावर. समुद्र मानवतो की नाही हे तेवढ्यात कळतं. लक्षद्वीपला जाणाऱ्या सफरीत प्रवेशाचा परवाना लागतो, त्याचे कागद आम्ही आधीच मागून घेतो.

त्यानंतरची पायरी सिंगापूर, पेनांग, फुकेत. मलेशियातलं पेनांग आम्हाला फार आवडतं. जहाज थेट तिथल्या जॉर्जटाउन शहराच्या कुशीत लागतं, टॅक्सी करावी लागत नाही. धक्क्यावरून चालत निघालात की थोड्याच वेळात लिटल इंडियात १८३३ साली उभारलेलं महामरिअम्मन मंदिर लागतं. तिथून पुढं समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या चिनी कुटुंबांच्या वाड्या आहेत. फळकुटांची वाट, दोन्हीकडं घरं, खाली पाणी. लोक तिथं राहतात, म्हणून आवाज हळू ठेवा आणि दारात डोकावू नका. जॉर्जटाउन २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

फुकेतला एक खाचखळगा आहे, तो नीट लक्षात ठेवा. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं असतं. जहाज बऱ्याचदा आपलं घड्याळ बदलत नाही, पण तुमचा मोबाइल किनाऱ्यावर पाय ठेवताच आपोआप बदलतो. आमच्या एका ग्रुपमधलं जोडपं बाजारात निवांत होतं. मोबाइलमध्ये तीन वाजले होते, जहाजावर चार. शेवटच्या टेंडरला दोरी सोडत असताना ती दोघं धावत आली. ताईंच्या हातातली नारळाची करवंटी तेव्हाही सुटली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक प्रवाशाला आम्ही सांगतो : साधं मनगटी घड्याळ घ्या, ते जहाजाच्या वेळेला लावा आणि सफर संपेपर्यंत त्याला हात लावू नका. जहाजानं नेलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज तिची वाट पाहतं. स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी ते थांबेलच असं नाही. म्हणून स्वतः फिरायचं ते गाव-बंदरातच. सत्तर किलोमीटर आत जायचं असेल तर जहाजाची सहल घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आता अलास्का. खर्चिक आहे, लांब आहे, पण ज्यांना जमेल त्यांनी आयुष्यात एकदा जावं असं आम्ही मनापासून सांगतो. हंगाम मे ते सप्टेंबर. जूनो ही अलास्काची राजधानी, पण तिथं बाहेरून एकही रस्ता येत नाही. माणूस येतो तो विमानानं किंवा बोटीनं. अलास्कातल्याच स्कॅगवे बंदराला १८९८ ते १९०० या काळात, सोन्यासाठी झालेल्या धावपळीत बांधलेली रेल्वे अजून चालते. तीन फुटी रूळ, आणि ३२ किलोमीटरमध्ये जवळजवळ तीन हजार फुटांची चढण. मिरज-पंढरपूर छोटी गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना ही गाडी बघून भरून येतं. मिरजेचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी सगळा प्रवास डब्याच्या उघड्या ओट्यावर उभे होते. थंडीनं नाक लाल झालं, पण आत यायला तयार नाहीत.

ग्लेशियर बेला सबंध दिवस जहाजावरूनच पाहायचं असतं, कुठं उतरायचं नसतं. उन्हाळ्याच्या मोसमात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना आत सोडतात. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीनं येऊन जहाजावर चढतात आणि माइकवरून माहिती देतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी हा उपसागर जवळजवळ सगळाच बर्फानं भरलेला होता. तो बर्फ आता शंभर किलोमीटर मागं सरकला आहे. जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबतं आणि हळूहळू स्वतःभोवती वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसतं. इकडून तिकडं पळापळ करू नका. एका जागी उभे राहा, कानटोपी घाला, आणि मोबाइल खिशात ठेवा.

बर्फ पांढरा असेल असं आपल्याला वाटतं. तो निळा असतो, जुन्या तांब्याच्या भांड्याला मोरचूद धरतं तसा भेगांमधून निळा. आधी नुसतीच करकर ऐकू येते. मग भिंतीचा एक तुकडा, वाड्याएवढा, खाली घसरतो. डोळ्यांना दिसतं, पण आवाज नाही. एक, दोन, तीन मोजावं, तोवर गडगडाट पोचतो. तिथले मूळचे ट्लिंगिट लोक याला पांढरी मेघगर्जना म्हणतात. तासगावचे एक निवृत्त गुरुजी शेजारी उभे होते. वर्गात आवाजाचा वेग शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी घड्याळ पाहून सेकंद मोजले आणि जहाज हिमनदीपासून किती लांब आहे ते आम्हाला सांगितलं. रेंजरनं सांगितलेला आकडा त्याच्या जवळपास निघाला, तेव्हा गुरुजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

अलास्कासाठी बाल्कनीची केबिन पैसे वसूल करते. बाकी ठिकाणी आतली केबिन घेऊन वाचलेले पैसे बंदरातल्या सहलीवर घाला. बंद खोलीत ज्यांना गुदमरतं त्यांनी मात्र आतली घेऊ नये, तिला खिडकी नसते.

अलास्काच्या व्हिसाबाबत गाफील राहू नका. सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारं जहाज वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबतंच. १८८६ च्या अमेरिकन कायद्यामुळं परदेशी झेंड्याच्या जहाजांना ते करावं लागतं. म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा हवा, किनाऱ्यावर उतरणार नसलात तरी. युरोपातही तसंच : जहाज मधे तुर्कस्तानला जाऊन ग्रीसला परत येणार असेल, तर शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा लागतो. सिंगापूरहून निघून तिथंच परतलात, तर तो परतीचा प्रवेशही वेगळा मोजला जातो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा.

जेवणाचं विचाराल तर भारतीय शाकाहारी जेवण बहुतेक मोठ्या जहाजांवर मिळतं. जैन जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं लागतं. आपल्याकडं सूर्यास्ताआधी जेवणारी मंडळी बरीच आहेत. त्यांच्यासाठी संध्याकाळची पहिली पंगत आम्ही मागून घेतो. जूनमध्ये जूनोला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. आमच्या एक आजी सातला जेवून डेकवर बसायच्या आणि "अजून आहे, अजून आहे" म्हणत सूर्याकडं पाहत राहायच्या.

घरचे डबे जहाजावर चढू देत नाहीत. सीलबंद पाकिटातला भडंग, चिवडा, चटणी सहसा चालते, पण ती बंदरात बाहेर नेऊ नका. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत सापडले की काढून घेतात. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. मळमळ होणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागावी. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आधीच. जोडीला सातारी आल्याची वडी खिशात असू द्या. जहाज सुटताच मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल घरी आल्यावर झोप उडवतं. वैद्यकीय विमा घेतल्याशिवाय आम्ही बुकिंग करत नाही. जहाजावरचा दवाखाना मोफत नसतो.

२००५ चा आणि २०१९ चा पूर पाहिलेली माणसं आपण. पाण्याची धास्ती आपल्याला वेगळी सांगावी लागत नाही. आयर्विन पुलाखालचं ते पाणी डोळ्यांपुढून जात नाही, असं सांगणारे कितीतरी प्रवासी आमच्या समोर बसले आहेत. त्यांना आम्ही समजावतो की जहाज सुटण्याआधीच प्रत्येकाला सुरक्षेची तालीम करावी लागते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ एका मोठ्या जहाजाला अपघात झाला, त्यानंतर हा नियम कडक झाला. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. आपली जमण्याची जागा केबिनच्या कार्डावर लिहिलेली असते. तिथपर्यंत एकदा जिन्यानं चालत जाऊन या, लिफ्टनं नको. पाय एकदा वाट शिकले की मन शांत होतं.

एक विनंती श्रद्धेची. जहाजावरून समुद्रात काहीही टाकायला सक्त मनाई आहे, फूलसुद्धा नाही. आपल्याकडच्या बायका कृष्णामाईची ओटी भरतात, तशी समुद्राची भरावी असं गावभागातल्या एक वहिनींच्या मनात होतं. खण, नारळ, तांदूळ सगळं मुंबईहूनच बरोबर घेतलं होतं. आम्ही नियम सांगितला. त्या गप्प झाल्या, मग ताट केबिनमधल्या टेबलावर मांडून बाल्कनीत उभ्या राहिल्या आणि हात जोडले. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीच ओटी घाटावर कृष्णेला दिली. हे आम्हाला त्यांच्याच अक्षरात वाचायला मिळालं.

कारण ऑफिसात आम्ही एक वही ठेवली आहे. सहलीहून आलेल्यांनी तीत मनात येईल ते लिहावं. गुरुजींचं सेकंदांचं गणित तीत आहे, काकूंनी काढलेलं पॉम्पेईच्या जात्याचं चित्रही आहे. बुकिंग करा किंवा करू नका, पण कधीही येऊन वाचा. रविवार सोडून सकाळी दहा ते सात ती टेबलावरच असते.