व्हेंडर लॉक-इन

एखादे सॉफ्टवेअर सोडून दुसऱ्या पुरवठादाराकडे जाणे ग्राहकाला खर्च, वेळ आणि जोखीम या दृष्टींनी परवडेनासे होते, त्या अवस्थेस व्हेंडर लॉक-इन म्हणतात. करार संपल्यावर ग्राहक कागदोपत्री मोकळा होतो. परंतु वर्षानुवर्षांच्या नोंदी त्या सॉफ्टवेअरच्याच साच्यात साठलेल्या असतात, कर्मचाऱ्यांचा हात त्यावरच बसलेला असतो, आणि नूतनीकरणाचा दर ठरवताना पुरवठादार हे जाणून असतो.

जर्मनीतील म्यूनिक शहराचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. विंडोज एनटी ४ या संगणकप्रणालीसाठीची सेवा मायक्रोसॉफ्ट थांबवणार असल्याने नवी प्रणाली घेणे भाग होते, तेव्हा २००३ मध्ये नगरसभेने लिनक्स या कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या खुल्या प्रणालीकडे वळण्याचे ठरवले; कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर क्रिस्तियान उडे यांना भेटले, दरातही सवलत देऊ केली गेली, तरी निर्णय फिरला नाही. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणकांचे स्थलांतर झाले. खात्याखात्यांत विखुरलेले पत्रांचे नमुने आणि मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे आदेशसंच) नव्याने बांधणे हे मोठे जिकिरीचे काम ठरले व त्यासाठी शहराने वोलमुक्स हे स्वतंत्र साधन तयार केले. तरीही २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणी हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. एकट्या ग्राहकाने बाहेर पडणे किती कठीण असते, ते यावरून दिसते.

मराठी मुद्रणव्यवसायाने हे बंधन फॉन्टच्या रूपाने अनुभवले आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील चिन्हांना सर्वत्र एकच संकेतांक देणारी प्रमाण पद्धत, येण्यापूर्वी प्रत्येक फॉन्ट-निर्माता देवनागरी चिन्हे रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने बसवीत असे. त्यामुळे एका सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेले पुस्तक तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले, की रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. रूपांतर करतानाही नेमके ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांपाशी घोटाळे होतात, कारण जुन्या फॉन्टांत ही चिन्हे दिसतात त्या क्रमाने, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. मजकूर लेखकाचा, फाइल प्रकाशकाची, पण ती वाचण्याची किल्ली तिसऱ्याकडे, अशी ही स्थिती होती.

म्हणूनच खुल्या, म्हणजे इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येईल अशा, स्वरूपात माहिती परत मिळण्याची अट सही करण्यापूर्वीच करारात घालावी लागते. नंतर ग्राहकाचे पारडे हलके झालेले असते. युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने क्लाउड सेवांबाबत (इंटरनेटवरून पुरवल्या जाणाऱ्या संगणकसेवांबाबत) हा हक्क कायद्यातच आणला असून, सेवा बदलण्यासाठी शुल्क आकारण्यास १२ जानेवारी २०२७ पासून मनाई आहे.